अर्धं दाबा, मग बघा!

जपानी कॅमेरा कंपन्यांनी २०१० या एका वर्षात दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरे विक्रीला धाडले. २०२३ पर्यंत हा आकडा वीस लाखांच्याही खाली आला. फोनने कॅमेरा गिळला, विषय संपला असं सगळे धरून चालले. आणि २०२५ मध्ये कॅननने २०१६ सालचंच आपलं एक खिशात मावणारं मॉडेल किरकोळ फेरफार करून पुन्हा बाजारात आणलं. विशीतल्या पोरापोरींना आता हेच कॅमेरे हवे आहेत.

तेव्हा कपाटाच्या वरच्या कप्प्यातला तो चंदेरी कॅमेरा खाली काढा! या बिचाऱ्या कॅमेऱ्यांची बहुतेक हयात 'ऑटो'वर गेली. लग्न, बारसं, महाबळेश्वर, सगळं ऑटोवर. मागच्या चार बटणांवरची चित्रं कुणी नीट पाहिलीच नाहीत. त्या बटणांमागे काय काय दडलंय, ते आज बघूच.

बटणाला दोन मजले असतात

पहिला मान शटरच्या बटणाचा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. ते एका दमात खाली दाबायचं नसतंच. बोट हलकेच टेकवून दाबा, निम्म्यावर बारीकसा अडसर लागेल. तिथेच थांबा. लेन्समधून घर्र असा पुसटसा आवाज येतो, स्क्रीनवरची चौकट हिरवी होते, बीप वाजते. तेवढ्यात कॅमेऱ्याने फोकस लावला, उजेड मोजला, फ्लॅश लागेल की नाही तेही ठरवलं. आता उरलेलं दाबा, फोटो जवळजवळ लगेच निघतो.

'डिजिटलवर बटण दाबलं की फोटो उशिरा निघतो' ही जुनी तक्रार बरीचशी इथेच मिटते. एका दमात दाबलं तर फोकसची सगळी शोधाशोध दाबल्यानंतर सुरू होते, आणि तोवर मुलाने केकवरची मेणबत्ती विझवलेली असते. मेणबत्ती पेटली की अर्धं दाबून तयार राहा आणि गाल फुगले की पूर्ण दाबा.

आता ही चौकट हिरवी कशी होते, ते ऐका. साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा अंतर मोजत नाही. तो आतली भिंगं पुढेमागे सरकवत राहतो आणि चित्रातल्या कडा कुठे सर्वांत ठळक दिसतात ते पाहतो. म्हणूनच कोरी भिंत, ढगाळ आभाळ, एकरंगी साडी समोर आली की त्याची तारांबळ उडते आणि चौकट लुकलुकते किंवा पिवळी पडते. अशा वेळी त्याला एखादी कडा द्या. चौकट साडीच्या काठावर न्या, लगेच हिरवी होईल.

आणखी एक जुनं दुखणं. दोघं शेजारी उभे, मधे थोडी फट, आणि फोटोत मागचं झाड झकास, माणसं मात्र धूसर! मधल्या चौकटीला त्या फटीतून झाडच दिसलं, तिची काय चूक? उपाय सोपा आहे. एकाच्या चेहऱ्यावर चौकट ठेवून अर्धं दाबा, बोट न उचलता कॅमेरा पुन्हा मधे आणा आणि पूर्ण दाबा. रायगडावर माणूस एका कडेला आणि मागे टकमक टोक हवं असेल, तर हीच युक्ती. माझ्या मते या कॅमेऱ्यावर एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिकावी.

फूल, डोंगर आणि सीतेची आसवं

मागच्या गोल बटणावर एका बाजूला छोटंसं फूल असतं. ते मॅक्रो, म्हणजे जवळच्या वस्तूंसाठी. अनेक साध्या मॉडेलांत लेन्सपासून १ ते ५ सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस लागतो. अट एकच, झूम पूर्ण मागे हवा. झूम पुढे नेलात की किमान अंतर झपाट्याने वाढतं आणि फूल धूसर होतं. बरेच जण इथेच चुकतात, कारण जवळचं दिसावं म्हणून बोट आपसूक झूमकडे जातं.

कास पठारावर सीतेची आसवं फुलतात तेव्हा ही करामत पाहावी. नखाएवढं जांभळं फूल आख्खी स्क्रीन भरून टाकतं. फक्त तीन गोष्टी पाळा. पायवाट सोडू नका, फ्लॅश बंद ठेवा आणि लेन्सची सावली फुलावर पडत नाही ना, ते बघा. काम झालं की फुलाची खूण काढून टाका, नाही तर पुढच्या साध्या फोटोंना फोकस लागायला उगाच वेळ लागतो.

काही मॉडेलांत फुलाशेजारी डोंगर असतो. तो लावला की कॅमेरा थेट लांबचं पकडतो. एसटीच्या बंद खिडकीतून घाट टिपताना काचेवरच्या डागांवर फोकस अडकतो ना, तिथे हा डोंगर लावा.

नखाहून लहान पडदा

या कॅमेऱ्यांच्या खोक्यावर '१/२.३ इंच सेन्सर' असं छापलेलं असतं. गणित केलं तर ११ मिलिमीटर होतात. सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो पडदा, मात्र जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. मग ११ आले कुठून? जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांपासून. त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आकार सांगायची पद्धत होती. नळ्या गेल्या, मापाची पद्धत तशीच राहिली.

छोट्या सेन्सरमुळे अंधारात फोटो दाणेदार येतो, हे खरं. पण त्याच लहानपणामुळे जवळचा माणूस आणि मागचं देऊळ दोन्ही एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट येतात. सहलीतल्या ग्रुप फोटोसाठी हा मोठाच फायदा.

झूमचं खरं आणि खोटं

शटरच्या बटणाभोवती जी कडी फिरते तिच्यावर 'डब्ल्यू' आणि 'टी' लिहिलेलं असतं. डब्ल्यूकडे रुंद दृश्य, टीकडे लांबचं जवळ. फोटो बघतानाही हीच कडी वापरता येते. डब्ल्यूकडे ढकलली की सगळे फोटो चिमुकले होऊन एकत्र दिसतात, टीकडे ढकलली की फोटो मोठा होतो. काकूंचे डोळे मिटलेत का, ते जागच्या जागी तपासा आणि लोक पांगायच्या आत दुसरा काढा.

झूम करताना स्क्रीनवर एक पट्टी दिसते आणि तिच्यावर मधे एक रेघ. रेघेपर्यंत भिंगं खरोखर सरकत असतात. रेघेपुढे सुरू होतो डिजिटल झूम, म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणं. हे काम घरी कॉम्प्युटरवरही करता येतं, म्हणून मेनूत जाऊन तो सरळ बंद करा.

खऱ्या झूमलाही किंमत मोजावी लागते. सोनीच्या डब्ल्यू-८०० या साध्या मॉडेलात ५ पट झूम आहे. पूर्ण मागे असताना लेन्सचं छिद्र एफ/३.२, पूर्ण पुढे नेल्यावर एफ/६.४. म्हणजे आत येणारा उजेड चौथ्या हिश्शावर! संध्याकाळचे झूम केलेले फोटो हलतात त्याचं हे एक मोठं कारण. शक्य असेल तर झूम मागे ठेवा आणि चार पावलं पुढे चाला.

फ्लॅश आणि फोटोतलं 'भूत'

फ्लॅश उडण्याआधी आतला कपॅसिटर साधारण ३०० व्होल्टपर्यंत भरतो. घरातल्या सॉकेटमध्ये २३० असतात, यावरून काय ते समजा. बॅटरी काढल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहू शकतो. म्हणून बंद पडलेला कॅमेरा स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी उघडू नका, मुलांना तर मुळीच देऊ नका.

एवढा दणका असूनही त्याची पोच किती? साध्या कॅमेऱ्यात तीनेक मीटर, झूम केला तर त्याहून कमी. वानखेडेच्या वरच्या स्टँडमधून उडवलेला फ्लॅश पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांची डोकी उजळतो, खेळपट्टीवर त्याचा कणही पोचत नाही. उलट भर दुपारी तो फार कामाचा. डोईवर फेटा किंवा टोपी असेल तर उन्हात चेहऱ्यावर काळी सावली पडते. विजेची खूण 'ऑटो'वरून सक्तीच्या फ्लॅशवर आणा, सावलीतला चेहरा उजळून निघतो.

डोळे लाल होतात त्याचं कारण कॅमेऱ्याच्या अंगकाठीत आहे. फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून बसलेला, त्यामुळे प्रकाश डोळ्याच्या बाहुलीतून आत जाऊन तिथल्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन थेट लेन्समध्ये परततो. 'रेड आय'ची डोळ्याची खूण लावली की आधी एक दिवा किंवा छोटा फ्लॅश लागतो, बाहुल्या आकसतात आणि मग खरा फ्लॅश उडतो. तेवढ्यात लोकांना वाटतं फोटो निघाला, आणि ते हलतात! आधीच सांगा, दुसऱ्या उजेडापर्यंत थांबा.

आता भुताचं. रात्री जुन्या वाड्यात काढलेल्या फोटोत पांढरे, धुरकट गोळे तरंगताना दिसतात आणि घरात कुजबूज सुरू होते. ते गोळे लेन्सच्या अगदी पुढ्यातल्या धुळीच्या कणांचे असतात. पावसाळ्यात थेंबांचेही होतात. फ्लॅश लेन्सजवळ असल्याने कण लख्ख उजळतात आणि फोकसमध्ये नसल्याने गोल फुगतात. फ्लॅश बंद करून त्याच जागी पुन्हा फोटो काढा, भूत गायब.

पांढऱ्याचं राखाडी का होतं?

कॅमेऱ्याला रंगांचं ज्ञान नाही. समोरचं सगळं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असणार, असं गृहीत धरून तो उजेड ठरवतो. बहुतेक वेळा ते चालून जातं. पण आषाढी वारीत समोर शेकडो पांढरे सदरे आणि टोप्या असतात तेव्हा तो बिचकतो. 'फार उजेड आहे' असं समजून तो फोटो काळवंडून टाकतो. सदरे मळकट दिसतात आणि चेहरे त्याहून काळे.

इथे अधिक-उणे अशी खूण असलेलं बटण कामाला येतं. अधिक एकच्या आसपास नेलं की सदरे पांढरे होतात. ही सोय 'पी' किंवा 'प्रोग्रॅम' मोडमध्ये मिळते, निव्वळ ऑटोमध्ये बहुधा नसते. 'बीच' आणि 'स्नो' हे मोडही मुख्यतः हेच करतात, उजळ वाळू किंवा बर्फ पाहून बिचकू नकोस असं कॅमेऱ्याला बजावतात. काळ्याकभिन्न कातळाच्या लेण्यात मात्र उलटं करायचं, उण्याकडे जायचं.

'फायरवर्क्स' मोडचंही गुपित साधंच आहे. शटर काही सेकंद उघडं राहतं आणि दिवाळीतल्या रॉकेटची आख्खी वाट एका फोटोत उमटते. कॅमेरा हातात धरलात तर सगळं वाकडंतिकडं येईल. तो कठड्यावर टेकवा.

दोन सेकंदांचा टायमर आणि पाव इंची बोल्ट

सेल्फ टायमरवर १० सेकंद असतात ते धावत जाऊन फोटोत उभं राहण्यासाठी. मग अनेक मॉडेलांत २ सेकंद कशासाठी? दोन सेकंदांत कोण पोचणार? पोचायचंच नाही! कॅमेरा कठड्यावर ठेवला तरी बटण दाबताना बोटाने तो हलतो. दोन सेकंदांत ही थरथर थांबते आणि मग फोटो निघतो. मंद उजेडातल्या गाभाऱ्यासाठी किंवा रात्रीच्या रोषणाईसाठी याहून स्वस्त उपाय नाही.

कॅमेऱ्याच्या बुडाशी ट्रायपॉडसाठी एक आटे पाडलेलं भोक असतं. जग मेट्रिक झालं तरी ते अजून पाव इंचाचं आहे, इंचाला २० आटे. साध्या हार्डवेअरच्या दुकानातला पाव इंची बोल्ट तिथे बसतो. त्याला दणकट सुतळी बांधा, दुसरं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ताणून धरा. हात खाली-वर हलणं लगेच कमी होतं. बोल्ट मात्र हलक्या हाताने चार-पाच मिलिमीटरच फिरवा, जास्त पिळलात तर बूड फुटेल.

कार्डाचं कुलूप आणि २८ किलोमीटर उंची

मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला सरकणारी बारीक पट्टी असते, 'लॉक' लिहिलेली. गंमत अशी की तिचा कार्डाच्या आतल्या भागाशी काहीच संबंध नसतो. पट्टी कुठे आहे ते कॅमेरा बाहेरून चाचपतो आणि तो मान राखतो, इतकंच. पट्टी तुटली आणि 'कार्ड लॉक आहे' असं येत राहिलं तर त्या खाचेवर चिकटपट्टीचा पातळ तुकडा लावून काम भागतं.

याच पट्टीचा काही हौशी प्रोग्रॅमरांनी झकास उपयोग केला. कॅननच्या अनेक जुन्या स्वस्त कॅमेऱ्यांत, कार्ड लॉक करून घातलं की कॅमेरा सुरू होताना कार्डावरचा प्रोग्रॅम शोधतो. त्या वाटेने त्यांनी सीएचडीके नावाचा मोफत प्रोग्रॅम आत शिरवला. मग साध्यासुध्या पॉवरशॉटमध्ये ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणं, फोटोचा कच्चा डेटा साठवणं अशा महागड्या सोयी आल्या. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी असाच एक पॉवरशॉट ए-४७० थर्माकोलच्या खोक्यात ठेवून हवामानाच्या फुग्याला बांधला. तो सुमारे २८ किलोमीटर उंच गेला आणि काळं आभाळ व पृथ्वीची वक्र कड टिपून खाली आला. सगळा खर्च १५० डॉलरच्या आसपास! एका साध्या कॅमेऱ्याची याहून मोठी कामगिरी मला माहीत नाही.

चटपट चटपट

टीव्हीचा रिमोट चालतो की नाही कळत नाही? कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघत रिमोटचं बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण बहुतेक कॉम्पॅक्टच्या स्क्रीनवर जांभळट लुकलुकताना दिसतो.

नुसते फोटो बघायचेत? पॉवरऐवजी त्रिकोणाची खूण असलेलं बटण दाबून धरा. बऱ्याच मॉडेलांत लेन्स बाहेर न येताच कॅमेरा सुरू होतो. बॅटरीही वाचते.

जुन्या केबलने टीव्हीला जोडलं आणि चित्र काळं-पांढरं किंवा लोळतंय? मेनूतलं 'एनटीएससी' बदलून 'पाल' करा. भारतातली पद्धत तीच होती.

अनेक डिजिटल कॅमेरे व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांवर का थांबवतात? सलग ३० मिनिटं चित्रण करणारा कॅमेरा युरोपीय संघात व्हिडिओ कॅमेरा ठरायचा आणि त्यावर जास्त आयात शुल्क लागायचं. एका सेकंदाने कर वाचला.

खोक्यावर '२०० फोटो' लिहिलेलं असतं ते कसं ठरतं? ठरलेली चाचणी असते. दर ३० सेकंदांनी एक फोटो, प्रत्येक वेळी झूम, एकाआड एक फोटोला फ्लॅश, दहा फोटोंनी कॅमेरा बंद-चालू. फ्लॅश न वापरणाऱ्याला त्याहून बरेच जास्त मिळतात.

आणि मागची स्क्रीन? १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला ती नव्हतीच. साडेतीन किलोंहून जड यंत्र, ०.०१ मेगापिक्सेलचा कृष्णधवल फोटो, आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. सामान्य ग्राहकाच्या हातातल्या कॅमेऱ्याच्या पाठीवर स्क्रीन रुळवली ती १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० ने. काढल्या काढल्या फोटो बघायची सवय जगाला तिथून लागली.

दोन शत्रू आणि एक विनंती

पहिला शत्रू वाळू. लेन्सच्या नळ्या एकात एक सरकतात आणि त्यांच्यातली फट केसाएवढी असते. गुहागर-अलिबागच्या किनाऱ्यावर एक कण शिरला की नळी कुरकुरते, अडकते आणि स्क्रीनवर 'लेन्स एरर' येतं. दुरुस्तीला अनेकदा कॅमेऱ्याच्या किमतीइतका खर्च येतो. किनाऱ्यावर तो झिपच्या पिशवीत ठेवा आणि वाळूच्या हाताने चालू करू नका. दुसरा शत्रू आपला पावसाळा. दमट हवेत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. कातडी पाकीट ओल धरून ठेवतं, त्यातून कॅमेरा बाहेर काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि अधूनमधून वापरा.

पेन्सिल सेलवर चालणारं मॉडेल असेल तर साध्या सेलऐवजी रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड घाला. व्होल्टेज कमी असूनही फ्लॅशच्या दणक्याला ते जास्त टिकतात. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्यातलं घड्याळही थांबलेलं असतं, म्हणून सगळ्या फोटोंवर १ जानेवारी येते. चार्ज केलेली बॅटरी घालून तारीख लावा आणि आतला छोटा सेल भरायला काही तास द्या.

बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्जरला अजिबात लावू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. कॅमेरा कुणाला द्यायचा असेल तर आधी कार्डावरचे फोटो उतरवून घ्या. नुसते डिलीट केलेले फोटो परत मिळवता येतात, तेव्हा कार्ड स्वतःकडेच ठेवा. आणि एक विनंती, चार्जर आठवणीने सोबत द्या. या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या मॉडेलागणिक वेगळ्या, आणि जुन्या बॅटरीचा चार्जर आता सहजासहजी मिळत नाही.